खोकला हिवाळ्याचा, धूर बारा महिन्यांचा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते सर भूगोल शिकवत. त्यामुळे संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मला फार शोधावं लागलं नाही. मी छातीच्या विकारांचा डॉक्टर. माझ्यासमोर बसलेला माणूस कुठे राहतो, त्याच्या खिडकीतून कोणत्या बाजूचा वारा येतो, तो किती वाजता घराबाहेर पडतो, त्याच्या गल्लीच्या तोंडाशी काय जळतं, हे विचारल्याशिवाय मला त्याचा आजार कळत नाही. म्हणजे अर्धा वेळ मी भूगोलच विचारत असतो.

दरवर्षी ऑक्टोबरची काहिली ओसरते आणि आमच्या ओपीडीतली रांग लांबू लागते. दिवाळीनंतर बाक पुरत नाहीत. जानेवारीत तर माणसं भिंतीला टेकून उभी असतात. कुणाची छाती भरलेली, कुणाला जिना चढताना धाप, कुणाच्या कडेवरच्या बाळाच्या छातीत सुंई-सुंई आवाज. आणि जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य: “हवा बदलली ना डॉक्टर, सीझनचं आहे.” सीझनचं आहे, म्हणजे येईल तसं जाईल. सीझनचं आहे, म्हणजे यात कुणाचा दोष नाही. सीझनचं आहे, म्हणजे खोकल्याचं औषध द्या आणि मोकळं करा.

याच समजुतीबद्दल मला आज बोलायचं आहे. ती अर्धी खरी आहे, आणि अर्धी खरी असल्यामुळेच इतकी चिवट आहे.

खरा भाग आधी घेऊ. हिवाळ्यात नेमकं होतं काय? रात्र मोठी, आकाश निरभ्र. जमीन आपली उष्णता भराभर सोडून देते. जमिनीलगतची हवा गार पडते आणि तिच्या वर तुलनेने उबदार हवेचा थर येऊन बसतो. एरवी खालची हवा तापते, हलकी होते, वर चढते आणि जाताना धूर-धूळ सोबत नेते. आता ती चढू शकत नाही. उकळत्या पातेल्यावर झाकण ठेवावं तसं होतं. उन्हाळ्यातल्या दुपारी तोच धूर दोन-दोन किलोमीटर उंचीपर्यंत पसरून विरळ होऊ शकतो. हिवाळ्यातल्या पहाटे तो काहीशे मीटरांत कोंडतो. धूर तेवढाच, पण त्याला राहायला जागा कमी.

मुंबईकरांना वाटतं की समुद्र आपल्याला वाचवतो. चुकीचं नाही. खारे वारे आणि मतलई वारे आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलेत. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे खारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा जोरकस वारा असतो, वरून पाऊस हवा धुऊन काढतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईची हवा देशातल्या कोणत्याही महानगराने हेवा करावा अशी असते. हिवाळ्यात ही व्यवस्था मंदावते. वारा पडतो, बराच वेळ जमिनीवरून वाहतो, आणि समुद्राकडचा वारा सुरू व्हायला दुपार उजाडते. २०२२-२३ च्या हिवाळ्यात तो फारच कमजोर पडला, आणि काही दिवशी मुंबईचा हवेचा निर्देशांक दिल्लीच्याही वर गेला. सलग तीन वर्षं चाललेल्या ला निनाशी, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी गार पडण्याशी, हवामानशास्त्रज्ञांनी त्याचा संबंध जोडला. त्या हिवाळ्यात आमच्याकडे असे रुग्ण आले ज्यांना आयुष्यात कधी दम्याचा पंप लागला नव्हता.

इथपर्यंत दोष ऋतूचा. आता दुसरा प्रश्न. जुलैत या शहरातल्या मोटारी बंद असतात का? चेंबूर-माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने पावसाळ्याची सुट्टी घेतात का? देवनारच्या कचराभूमीवर कचरा यायचा जूनमध्ये थांबतो का? रस्ते खोदणं, इमारती पाडणं, सिमेंट कालवणं, डिझेलचे जनरेटर चालवणं, यातलं बरंचसं बारा महिने चालतं. जुलैत ते सगळं वारा आणि पाऊस उचलून नेतात. जानेवारीत उचलणारं कुणी नसतं, म्हणून ते आपल्याला दिसतं. हिवाळा धूर तयार करत नाही. वर्षभर तयार होणारा धूर तो आपल्या नाकाशी आणून ठेवतो.

काही धूर खरोखरच हंगामी आहे, हे मान्य करायला हवं. दिवाळीचे फटाके आहेत. ग्रामीण महाराष्ट्रात दिवाळीच्या सुमाराला गाळप सुरू होतं, उसाच्या फडात पाचट पेटतं आणि कारखान्याच्या आसपासच्या गावांत वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसते. पावसाळा संपला की वीटभट्ट्या लागतात. आणि घराच्या मागच्या अंगणात बंब पेटतो. हा बंब फार महत्त्वाचा आहे, कारण तो कुठल्याच हिशोबात धरला जात नाही. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, गॅस घराघरांत गेला, स्वयंपाक बऱ्याच अंशी गॅसवर आला. पण आंघोळीच्या पाण्याला गॅस जाळणं परवडत नाही. मग पहाटे बंबात किंवा तीन दगडांच्या चुलीवर काटक्या, चिपाडं, कधी नारळाच्या झावळ्या, कधी फाटकी चप्पल आणि प्लास्टिकची पिशवीसुद्धा. ते पेटवायला कोण बसतं? घरातली बाई किंवा म्हातारी. वेळ कोणती? जेव्हा धूर वर जाऊच शकत नाही ती.

तरीही कुणी म्हणेल, थंडीच बाधते. सर्दी-तापाचे विषाणूही हिवाळ्यात वाढतात, गार हवेनेच नळ्या आकसतात, धुरावर एवढा आरोप कशाला? प्रश्न योग्य आहे. त्याचं उत्तर मला माहीत असलेल्या एका गोष्टीत इतकं स्वच्छ मिळतं की ती सविस्तर सांगितल्याशिवाय मी पुढे जाणार नाही.

अमेरिकेतल्या युटा राज्यात डोंगरांनी वेढलेलं एक खोरं आहे, युटा व्हॅली. हिवाळ्यात तिथे थंड हवा खाली साचते आणि आठवडा-आठवडा हलत नाही. खोऱ्यात जिनिव्हा नावाचा एक मोठा पोलादाचा कारखाना होता. १९८६ च्या ऑगस्टमध्ये मालक आणि कामगार यांच्या वादात तो बंद पडला. वर्षभराहून अधिक काळ बंद राहिला आणि १९८७ च्या सप्टेंबरमध्ये पुन्हा सुरू झाला. म्हणजे मधला एक संपूर्ण हिवाळा भट्टी थंड होती. डोंगर तेच, थंडी तीच, शाळा त्याच, सर्दीचे विषाणू तेच. धुराचा मोठा उगम मात्र त्या एका हिवाळ्यापुरता गायब. जवळच्याच ब्रिगहॅम यंग विद्यापीठातले आर्डेन पोप यांनी रुग्णालयांच्या नोंदी काढल्या. पोप डॉक्टर नव्हते, अर्थशास्त्रज्ञ होते. त्यांना असं दिसलं की कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यांत ब्राँकायटिस, दमा, न्यूमोनिया यांसाठी दाखल होणाऱ्या मुलांची संख्या बंद काळातल्या हिवाळ्याच्या दुप्पट-तिप्पट होती. त्या खोऱ्यातली वस्ती बहुतांश मॉर्मन पंथाची. धर्माज्ञेमुळे तिथे सिगारेट ओढणारे फार थोडे. म्हणजे तंबाखूकडे बोट दाखवायचीही सोय नाही.

मंडळी, जरा थांबून याचा विचार करा. असा प्रयोग कुणी ठरवून करू शकला असता का? एका खोऱ्यातल्या मुलांना एक हिवाळा धूर द्यायचा आणि एक हिवाळा नाही? पोप यांचा निबंध १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. “थंडीने होतं” म्हणणाऱ्यांसाठी माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही. थंडी होतीच. मुलं तरी कमी आजारी पडली.

आता छातीच्या आत जाऊ.

आपण प्रत्येक जण दिवसाला दहा हजार लिटरहून अधिक हवा आत घेतो. इतकं आपण काहीच खात नाही, काहीच पीत नाही. पाणी गाळून पितो, भाजी धुऊन घेतो, हवा मात्र मिळेल तशी. नाक आणि घसा मोठे कण अडवतात. श्वासनलिकेच्या अस्तरावर अतिसूक्ष्म तंतू असतात, ते कफाचा पातळ थर सतत वर ढकलत राहतात, आणि अडकलेला कण आपण खाकरून टाकतो किंवा गिळतो. ही व्यवस्था फार सुंदर आहे. धुळीसाठी, परागकणांसाठी ती लाखो वर्षांत घडली. जळण्यातून निघणाऱ्या अतिसूक्ष्म कणांपुढे ती अपुरी पडते. ज्यांना आपण पीएम २.५ म्हणतो ते कण माणसाच्या केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या हिश्शाएवढे, किंवा त्याहूनही लहान. ते थेट वायुकोशांत उतरतात. फुफ्फुसात असे तीस ते पन्नास कोटी वायुकोश आहेत, त्यांची भिंत एका पेशीची, आणि पलीकडे लगेच रक्त. तिथे तंतू नाहीत, कफाचा थर नाही. तिथे फक्त भक्षक पेशी असतात. त्या काजळीचा कण गिळतात, पण त्यांना तो पचवता येत नाही. शवविच्छेदन करणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला विचारा. शहरात आयुष्य काढलेल्या माणसाचं फुफ्फुस, त्याने कधी विडी ओढली नसली तरी, काळ्या ठिपक्यांनी भरलेलं असतं. तान्ह्या बाळाचं गुलाबी असतं.

या कणांमुळे अस्तराला सूज येते. सुजलेलं अस्तर चिडकं होतं. मग गार हवा, उदबत्ती, फोडणीचा ठसका, साधी सर्दी, काहीही निमित्त पुरतं. एरवी तीन दिवसांत बरी होणारी सर्दी तीन आठवडे छातीत मुक्काम करते, ती यामुळे. आणि धुराचा परिणाम नेहमी त्याच दिवशी दिसत नाही. वाईट हवेच्या दिवसानंतर एक-दोन-तीन दिवसांनी माणूस आमच्याकडे येतो. तोवर आकाश निवळलेलं असतं, आणि तो आदल्या रात्रीच्या दह्याला दोष देतो.

याहून मोठी गोष्ट लहान मुलांची आहे. फुफ्फुसाची क्षमता विशी-पंचविशीपर्यंत वाढते, मग काही काळ टिकते आणि नंतर हळूहळू घसरत जाते. घसरण कुणालाच चुकत नाही. म्हणून किती उंचीवरून घसरायला सुरुवात होते याला महत्त्व आहे. दक्षिण कॅलिफोर्नियात हजारो शाळकरी मुलांची फुंकण्याची ताकद वर्षानुवर्षं मोजली गेली. २००४ मध्ये निष्कर्ष आला: सर्वांत प्रदूषित वस्तीत वाढलेल्या मुलांमध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी फुफ्फुसाची क्षमता लक्षणीय कमी असण्याचं प्रमाण स्वच्छ वस्तीतल्या मुलांच्या जवळजवळ पाचपट होतं. अशी मुलं आजारी दिसत नाहीत. क्रिकेट खेळतात, अभ्यास करतात. उणेपणा पन्नाशीत बाहेर येतो, जिन्यावर.

त्याच अभ्यासाचा पुढचा भागही सांगतो, कारण तो मला रुग्णांसमोर उभं राहायला बळ देतो. कॅलिफोर्नियाने वाहनांवर, इंधनावर, कारखान्यांवर कडक नियम लावले आणि हवा सुधारत गेली. २०१५ मध्ये त्याच गावांतल्या नंतरच्या पिढीची मोजणी प्रसिद्ध झाली. मुलांची फुफ्फुसं आधीच्या पिढीपेक्षा चांगली वाढली होती. कुणी औषध दिलं नव्हतं, प्राणायामाचे वर्ग घेतले नव्हते. हवा बदलली होती.

आतापर्यंत आपण दोन गोष्टी पाहिल्या. हिवाळा धूर कोंडतो, आणि कोंडलेला धूर छातीत कायमची नोंद करून जातो. आता तिसरी, जी मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते. हा धूर सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही.

माझ्याकडे सफाईचं काम करणाऱ्या एक ताई येतात. वय पंचेचाळीसच्या पुढे. पहाटे चौकीवर हजेरी, मग लांब दांड्याचा खराटा घेऊन रस्ता. त्यांना फुंकण्याची तपासणी करायला सांगितली. नळी तोंडात धरायची, खोल श्वास घ्यायचा आणि दम संपेपर्यंत फुंकायचं. निरोगी माणूस पहिल्या एका सेकंदात छातीतली सत्तर-ऐंशी टक्के हवा बाहेर टाकतो. ताई फुंकत होत्या, मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या, आणि पडद्यावरची रेघ वर चढायच्या ऐवजी सपाट सरकत होती. पहिल्या सेकंदात निम्मीही हवा बाहेर आली नाही. त्यांनी कधी विडी-सिगारेट ओढलेली नाही. लहानपण गावाकडच्या चुलीपुढे, उरलेलं आयुष्य रस्त्यावर. नाकाला काय बांधता, विचारलं, तर पदर दाखवला. पदराने खडे अडतील. पीएम २.५ अडत नाही.

त्यांच्या कामाची वेळ पाहा. पहाट. म्हणजे जेव्हा धूर सर्वांत खाली असतो, वारा पडलेला असतो, रात्रभर धावलेल्या ट्रकांची धूळ रस्त्यावर बसलेली असते. शहरातली सर्वांत वाईट हवा आणि शहरातलं सर्वांत धुळीचं काम आपण एकाच घटकेला लावून ठेवलं आहे. का? तर आपल्याला उठल्यावर रस्ता स्वच्छ दिसायला हवा. झाडल्यावर पानांचा ढीग होतो, आणि कुणीतरी त्याला काडी लावतो. त्याच वेळी तुम्ही-आम्ही प्रकृतीसाठी म्हणून फिरायला निघतो.

पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये जगभरची माहिती एकत्र मांडून दाखवलं की ज्याला आपण विडी ओढणाऱ्यांचा आजार समजतो त्या सीओपीडी या फुफ्फुसाच्या दीर्घ आजाराचे पाव ते जवळजवळ निम्मे रुग्ण कधीही धूम्रपान न केलेले असतात. चुलीचा धूर, शेतातली आणि कामावरची धूळ, शहराची हवा. आमच्या शिक्षणात हे फारसं नव्हतं. आजही कित्येक ठिकाणी बाईला धाप लागली की रक्त कमी आहे, वजन जास्त आहे, टेन्शन आहे असं सांगून परत पाठवतात. ती विडी ओढत नाही म्हणून तिला कुणी फुंकायलाच लावत नाही.

गोवंडी, देवनार, माहुल इथल्या लोकांना मी वेगळं काय सांगू? २०१६ च्या जानेवारीत देवनारच्या कचराभूमीला लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रात दिसला होता. सारं शहर चार दिवस खोकलं आणि विसरलं. कुंपणाला लागून राहणाऱ्यांना विसरायची सोय नव्हती.

आता सरकारी आकड्याकडे वळतो, कारण मोबाइलवर तो सगळेच पाहतात. हवेचा निर्देशांक आपल्याकडे २०१५ मध्ये सुरू झाला. शून्य ते पन्नास चांगली, शंभरपर्यंत समाधानकारक, दोनशेपर्यंत मध्यम, मग वाईट, अतिवाईट, गंभीर. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘सफर’ ही यंत्रणा उभारून हवेचा अंदाज आधी सांगायची सोय केली, ही आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. पण ‘समाधानकारक’ची वरची मर्यादा म्हणजे काय? पीएम २.५ ची चोवीस तासांची सरासरी दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपर्यंत. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा १५ आहे. म्हणजे ज्या दिवशी पडद्यावर हिरवा रंग आणि ‘समाधानकारक’ हा शब्द आहे, त्या दिवशीही हवा त्या मर्यादेच्या चौपट असू शकते. दम्याच्या मुलाच्या आईने तो शब्द वाचून निर्धास्त व्हायचं का? मी म्हणेन, नाही.

लंडनच्या एला किसी-डेब्रा या मुलीची गोष्ट तुमच्यापैकी काहींनी वाचली असेल. लंडनच्या साउथ सर्क्युलर या रहदारीच्या रस्त्यापासून तिचं घर अवघ्या काही पावलांवर. तिचे दम्याचे झटके मुख्यतः हिवाळ्यात यायचे, आणि हवेच्या नोंदी पाहिल्या तर ते प्रदूषणाच्या उसळीशी जुळायचे. तीन वर्षांत तिला जवळजवळ तीस वेळा रुग्णालयात न्यावं लागलं. २०१३ च्या फेब्रुवारीत, नऊ वर्षांची असताना ती गेली. आईने सात वर्षं लढा दिला. अखेर २०२० च्या डिसेंबरमध्ये चौकशी अधिकाऱ्याने निर्णय दिला की मृत्यूच्या कारणांत हवेचं प्रदूषण होतं. हवा विषारी आहे हे आईला आधी कुणी सांगितलंच नव्हतं, हेही त्याने नोंदवलं. जगातल्या दम्याच्या मृत्यूंपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक भारतात होतात असा अंदाज आहे. आपल्याकडच्या किती मृत्यूच्या दाखल्यांवर हवेचा उल्लेख असतो? आम्ही डॉक्टर लिहितो ‘श्वसनक्रिया बंद पडल्याने’. ती बंद का पडली, हा रकाना मोकळाच राहतो.

कुणी काहीच करत नाही असं मी म्हणणार नाही. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला. त्याच महिन्यात महापालिकेने बांधकामांसाठी नियम काढले. उंच इमारतींभोवती ३५ फुटांचे पत्रे, पाण्याचे फवारे, राडारोडा झाकून नेणं. २०२५ च्या जानेवारीत न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला, आणि त्यातली सर्वाधिक शहरं आपल्या महाराष्ट्रातली आहेत. हे सगळं योग्यच आहे. पाववाल्याला भट्टी बदलायला पैसा लागतो. तो त्याला स्वस्त कर्जाने मिळाला पाहिजे, नाहीतर तीच भट्टी शहराबाहेर जाऊन जळेल, एवढं मात्र म्हणतो.

माझी तक्रार वेगळी आहे. आपली चिंताही हंगामी झाली आहे. नोव्हेंबरात बातम्या, डिसेंबरात नोटिसा, जानेवारीत रस्त्यांवर पाणी मारणारे टँकर. मार्चमध्ये समुद्राकडचा वारा सुरळीत होतो आणि विषय मिटतो. पण बसगाड्या घ्यायच्या तर त्याची तरतूद फेब्रुवारीतल्या अंदाजपत्रकात करावी लागते. झाडायची यंत्रं, कचऱ्याचं वर्गीकरण, राडारोड्याची विल्हेवाट, सफाई कामगारांसाठी खरे मास्क आणि उशिराची पाळी, यांच्या निविदा उन्हाळ्यात निघाल्या तरच काहीतरी दिवाळीपर्यंत रस्त्यावर दिसतं. म्हणून माझी विनंती आहे: वॉर्ड ऑफिसात अर्ज घेऊन जायचा तर जुलैत जा, जेव्हा हवा स्वच्छ आहे आणि साहेबांच्या टेबलावर दुसरी फाइल नाही. आमच्या भागात पहाटेचं झाडणं कधी पुढे ढकलणार, पालापाचोळा कुठे नेणार, बांधकामाच्या पत्र्यांची पाहणी कोण करणार, हे तेव्हा विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

घराच्या आतलंही थोडं बोलतो. डासांची एक कॉइल रात्रभर जळली की साधारण शंभर सिगारेटींएवढे सूक्ष्म कण खोलीत सोडते. खिडकी बंद, पांघरुणात मूल, उशाशी कॉइल. हे आजच थांबवता येईल, मच्छरदाणी पुरेशी आहे. आणि दिवाळीची साप गोळी. आवाज नाही, उडत नाही, म्हणून आपण ती सर्वांत लहान मुलाच्या हातात देतो. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने पुणे विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांबरोबर मुलं नेहमी उडवतात त्या फटाक्यांचा धूर मोजला, तेव्हा सर्वांत जास्त सूक्ष्म कण या साप गोळीतून निघाले. लडीपेक्षाही जास्त. आणि मूल ती उडवताना उकिडवं बसून, वाकून, अगदी नाकाजवळून पाहतं.

आता शेवटचं, ज्यांच्या घरात दमा किंवा जुना खोकला आहे त्यांच्यासाठी. पंपाची सवय लागते, ही भीती मी रोज ऐकतो, आणि मग लोक गोळीच मागतात. धाप कमी करणाऱ्या साल्ब्युटामॉलच्या एका गोळीत ४ मिलिग्रॅम औषध असतं, पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे एका गोळीत चाळीस फवारे. गोळी सगळ्या अंगात फिरते, हात थरथरतात, छाती धडधडते. पंपाचं औषध जिथे हवं तिथे जातं. पंपांचे दोन प्रकार असतात. एक धाप लागल्यावर घ्यायचा, दुसरा सूज कमी ठेवण्यासाठी रोज घ्यायचा. बहुतेक घरांत पहिला सापडतो, दुसरा मार्चमध्ये बरं वाटलं म्हणून बंद केलेला असतो. दुसऱ्याचा परिणाम जाणवायला काही आठवडे लागतात. म्हणून ज्यांचा त्रास दरवर्षी थंडीत उसळतो त्यांनी गणपती गेले की आपल्या डॉक्टरांना भेटावं, दिवाळीची वाट पाहू नये. फ्लूची लस त्याच भेटीत विचारून घ्यावी. जाताना पंप सोबत न्यावा आणि डॉक्टरांसमोर घेऊन दाखवावा. दाबणं आणि श्वास आत ओढणं एका वेळी होत नसेल तर बहुतेक औषध घशातच राहतं. मुलांना आणि वयस्कर माणसांना पंपाला स्पेसर, म्हणजे मध्ये धरायची पोकळ नळी, लावूनच द्यावा, आणि सूज कमी करणारा पंप घेतल्यावर पाण्याने चूळ भरावी.

तुमचे प्रश्न घ्यायला मी आता थांबतो. ज्यांनी पंप सोबत आणला असेल त्यांनी तो घेऊनच पुढे यावं, इथेच तपासून देतो.